नाताय, गोये आणि गव्हान

आमच्या खानदेशात ळ फार दिवस तग धरत नाही. जळगावचं जयगाव होतं, केळीची केयी, डोळ्याचा डोया. पोर्तुगीजांचा ‘नाताल’ मराठीत येऊन नाताळ झाला, आणि आमच्या वेशीत शिरल्यावर त्याचा नाताय. सजावटीच्या सामानात तर ळ ठासून भरलेला. झाडाला टांगायचे रंगीत गोळे इथे गोये, आणि दिव्यांची माळ ती माय. भुसावळच्या बाजारात डिसेंबरात कुणी दुकानदाराला खुशाल विचारतं, “ही लाइटीची माय केवढ्याले?” पुण्याचा पाहुणा सोबत असेल तर तो आधी दचकतो, मग इकडे तिकडे बघतो.

गंमत अशी की यातलं बहुतेक सामान दुसऱ्या सणांची नावं घेऊनच येतं. चमकत्या कागदाला जुनी माणसं अजून बेगड म्हणतात, कारण तो त्यांनी आधी पोयाला बैलांच्या शिंगांवर पाहिलेला. झाडाभोवती गुंडाळायची ती लवलवती दोरी म्हणजे लग्नमांडवाची झालर. पुठ्ठ्याच्या ताऱ्याला चांदनी. दिवाळीत न खपलेल्या आकाशकंदिलांची खोकी दुकानदार माळ्यावरून खाली काढतो, शेजारी चार चांदन्या टांगतो आणि गिऱ्हाईक बघून ठरवतो की कंदील दाखवायचा की चांदनी. हल्ली मात्र सगळ्याला एकच शब्द, डेकोरेशन. सोयीचा आहे, पण त्यातून ना बैल दिसतो ना मांडव.

भुसावळ रेल्वेचं गाव. साहेबाच्या काळापासून रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन, गोव्याची, दक्षिणेकडची कुटुंबं आली, आणि आपापले शब्द घेऊन आली. आमच्या शेजारच्या गोव्याच्या आंटी चांदनीला नखेत्र म्हणायच्या आणि येशूजन्माच्या देखाव्याला गोठो. आम्हा पोरांना नखेत्र म्हणता म्हणता हसू यायचं, पण गोठो ऐकून कुणी हसलं नाही. गोठा काय, घरोघरी होता.

या देखाव्यापाशी आमची बोली एकदम घरची होते. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेवलं, असं आहे. शहरातल्या मुलांना गव्हाण म्हणजे काय हे चित्र काढून सांगावं लागतं. इथे गव्हान म्हटली की कडब्याचा वास येतो. नंदुरबारकडे, नवापूरच्या बाजूला, आदिवासी गावांत ख्रिस्ती वस्ती बरीच आहे. तिथे असाच एक देखावा बघायला गेलो होतो. बांबूच्या कामट्यांचं छप्पर, मातीची जनावरं, गव्हाणीत बाळापुरता मूठभर चारा. मागे उभे असलेले एक बाबा बराच वेळ न्याहाळत होते. मग म्हणाले, “इतलाच चारा? मंग ढोरं काय खातीन?” माझ्या मते त्या वर्षीचं देखाव्याचं सर्वांत जाणकार परीक्षण तेच.

आता बर्फ. बेथलेहेमच्या गोष्टीत बर्फ नाहीच, तो युरोपातल्या हिवाळ्याने नंतर आणून टाकला. खानदेशात पांढरं काही आभाळातून पडतं ते गाराच, आणि गारा पडल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो (हा गोळा मात्र गोया म्हटला तरी हसू येत नाही). पण डिसेंबरात आमच्याकडे कापूस असतो. वेचणी चाललेली, आणि पुढे भाव येईल म्हणून घराघरात खोलीभर कापूस रचून ठेवलेला. बाजारातला फवाऱ्याचा बर्फ कशाला घ्यायचा? शाळेतल्या झाडासाठी आम्ही अमळनेरच्या मामीकडे कापूस मागायला गेलो. सरकी बोटांनी काढता काढता नखं दुखून आली.

मामीने टोपलंभर काढून दिला, वर सांगितलं, “लावा बरफ, लावा. पन नाताय व्हयना का समदा परत आनी द्या. भाव चढी ऱ्हायना.”