अंगठ्याच्या नखाचे पंधरा महिने

उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख एका कोपऱ्यात पिवळे पडले, तेव्हा कधीतरी ठेच लागली असेल असे समजून मी वर्षभर त्यावर नेलपॉलिश लावत राहिले. चिपळूणच्या पावसात ओल्याच बुटांनी शाळेत जाताना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, म्हणून औषधांच्या दुकानातून विचारून आणलेली ट्यूब लावली. खाज दोन दिवसांत थांबली, पण त्या मलमात स्टेरॉइड होते आणि खाज दबली तरी बुरशी आत वाढत होती, हे मला फार उशिरा कळले. दिवाळीपर्यंत नख इतके जाड झाले की नेलकटरमध्ये मावेना, आणि त्याच्याखालून भिंतीच्या पोपड्यासारखा पांढरा भुसा पडू लागला.

त्वचारोगतज्ज्ञांनी लगेच औषध लिहून दिले नाही. सोरायसिसमुळे किंवा जुन्या दुखापतीमुळेही नख असेच दिसते, म्हणून त्यांनी नखाचा तुकडा आणि तो भुसा तपासणीसाठी घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसल्यावर आणि यकृताची रक्ततपासणी झाल्यावरच टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाची 250 मिलिग्रॅमची रोज एक गोळी, 12 आठवड्यांसाठी, सुरू झाली.

गोळ्या संपल्या तरी नख बहुतेक तसेच होते, आणि मी अक्षरशः भांडायला गेले. बिघडलेले नख सुधारत नसते, मागून येणारे चांगले नख त्याला पुढे ढकलते, असे डॉक्टरांनी सांगितले. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते, तर पायाचे त्याच्या निम्म्यानेच. मग त्यांनी कानशीने चांगल्या आणि वाईट नखाच्या सीमेवर एक बारीक रेघ ओढून दिली.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी ती रेघ पाहत असे. नखे अंघोळीनंतर, मऊ असताना सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत, कारण मग ती मांसात रुततात. मुळाजवळची कातडी काढायची नाही. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरायचे, ओला जोड वर्तमानपत्र कोंबून वाळवायचा. माझे नेलकटर वेगळे ठेवल्याने यजमान थोडे रुसले. संध्याकाळी नखे कापू नयेत, हा सासूबाईंचा दंडक मात्र मी आनंदाने पाळला, कारण दिव्याच्या उजेडात ती रेघ मला दिसतच नसे.

उपचार सुरू होऊन पंधरा महिने झाल्यावर शेवटची पिवळी कड नेलकटरने सहज निघाली.