कापलेले जाळे

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मी तीनदा गेले आहे. पहिल्या दोन वेळा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली आणि प्रसन्न मनाने परतले. तिसऱ्या वेळी मात्र पहाटे किनाऱ्यावरून चालत असताना भरतीच्या रेषेवर एक पूर्ण वाढलेली मादी मरून पडलेली दिसली. तिच्या पुढच्या परापाशी हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याचा पीळ बसला होता आणि तो मांसात इतका खोल रुतला होता की, हे जाळे तिने कितीतरी दिवस अंगावर ओढत नेले असावे. तेव्हापासून पिल्लांच्या आनंदात ती मादी मला आठवत राहते. आज लिहायचे आहे ते तिच्याबद्दल.

वेळासमध्ये जे काम झाले, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली तिथे कासवांच्या संरक्षणाला सुरुवात केली, तोपर्यंत अंडी माणसे काढून नेत आणि उरलेली कुत्री व कोल्हे उकरून खात. आज गावातले कासवमित्र अंधार असतानाच किनारा पालथा घालतात, वाळूत उमटलेल्या मादीच्या मागावरून घरटे शोधतात, शंभर-सव्वाशे अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात आणि पुढचे पन्नासएक दिवस त्यांची राखण करतात. वाळू किती तापते यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, उष्ण वाळूत माद्या अधिक निपजतात, त्यामुळे खड्ड्याची खोली आणि जागा यांबाबत काटेकोर राहावे लागते. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्यात न टाकता थोडे अलीकडे वाळूवर सोडतात, म्हणजे ती स्वतः चालत जातात. ज्या किनाऱ्यावरून ती गेली त्याच भागात माद्या पुढे अंडी घालायला येतात, असे अभ्यासक मानतात.

परंतु पिल्लाला प्रौढ व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हजार पिल्लांमागे एखादेच तिथवर पोहोचते, असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे किनाऱ्यावर येणारी प्रत्येक मादी ही हजारांतून वाचलेली असते. ती एक मेली तर ते नुकसान एका घरट्याच्या राखणीने भरून निघत नाही.

आणि ती मरते ती बहुधा पाण्यातच. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. त्याला अधूनमधून वर यावेच लागते. ट्रॉलरचे जाळे दोन-तीन तास तळाशी ओढले जात असेल आणि कासव आत अडकले असेल, तर धडपडीत त्याचा श्वास लवकर संपतो व ते बुडून मरते. समुद्रातला प्राणी बुडून मरतो हे ऐकताना प्रथम विचित्र वाटते, पण कासवाचे, डॉल्फिनचे मरण असेच येते. यावर उपाय आहे. ट्रॉलच्या जाळ्याच्या गळ्याशी तिरप्या गजांची चौकट बसवली की कोळंबी गजांमधून मागच्या खोळीत जाते आणि कासव गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. त्या वाटेने मासळीही निसटेल, ही मच्छीमारांची भीती मला समजते, कारण डिझेलचा खर्च त्यांच्या खिशातून जातो.

ओडिशात धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांपाशी नोव्हेंबर ते मे या काळात किनाऱ्यापासून वीस किलोमीटरपर्यंत मासेमारी बंद ठेवतात. तिथे लाखो माद्या एकत्र येतात, म्हणून असा पट्टा आखता येतो. कोकणात घरटी विखुरलेली असतात, एक इथे तर दुसरे पलीकडच्या गावात. शिवाय कासव एका राज्याचे नसतेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह ट्रान्समीटर लावलेली ‘बागेश्री’ केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. एवढ्या प्रवासात तिच्या वाटेवर किती जाळी आली असतील, याचा विचार केला की मला किनाऱ्यावरचे कुंपण फार छोटे वाटू लागते.

म्हणूनच महाराष्ट्राची २०१८ पासूनची एक योजना मला सर्वांत मोलाची वाटते. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, डॉल्फिन, देवमासा, बहिरी म्हणजे व्हेल शार्क, सगळे त्यात येतात. या योजनेत मच्छीमाराला आरोपी धरलेले नाही, त्याच्या जाळ्याची किंमत मान्य केलेली आहे, आणि माझ्या मते तिचे खरे बळ यातच आहे.

रत्नागिरीच्या बंदरात जाळे विणत बसलेल्या एका वयस्क तांडेलांना, म्हणजे बोटीच्या प्रमुखांना, मी याविषयी विचारले. ते म्हणाले, “ताई, पैसे मिळतात, पण उशिरा. आणि कासव सोडायचे की मोबाइल धरायचा? दोन खलाशी जाळे धरतात, मी सुरी चालवतो, चित्र काढायला हात कुठला?” भरपाईचे पैसे आठवड्याभरात मिळावेत आणि छायाचित्राची अट बोटीवरच्या वास्तवाला धरून असावी, एवढी मागणी आपण सर्वांनी लावून धरायला हवी. मी त्यांना विचारले की पैसे मिळाले नसते तर काय केले असते. त्यांनी जाळ्याची घडी उलटून एक मोठे ठिगळ दाखवले, जुन्या करड्या दोऱ्यात नव्या निळ्या दोऱ्याचे. योजना येण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या वडिलांनी एका कासवासाठी असेच जाळे कापले होते, असे ते म्हणाले, आणि पुन्हा विणायला लागले.