दुखत होतं मनगट, चुकली होती सीट

प्लास्टर निघून दहा आठवडे झाले. नव्या मंडळींसाठी मागचं थोडक्यात सांगतो. सोलापुरात होटगी रोडला सायकलपुढं कुत्रं आडवं आलं, उजव्या हातावर पडलो, मनगटाजवळ हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, "सायकल चालवा, पण हातावर भार नको." आता सायकलवर बसून हातावर भार कसा द्यायचा नाही, हे आपलं आपणच शोधायचं!

सायकल साधी हायब्रिड. सरळ हँडल, १०० मिमीचं स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा आडवा तुकडा), ३२ मिमीचे टायर. याच मापावर पूर्वी तुळजापूर करून आलोय, तक्रार शून्य. आता मात्र विजापूर रोडनं संभाजी तलाव गाठेपर्यंत मनगटात कळ आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या. तळव्याच्या करंगळीकडच्या गादीवर भार पडला की तिथली नस दबते, त्या मुंग्या त्याच्या.

पहिला उपाय अस्सल सोलापुरी. जुन्या टॉवेलच्या पट्ट्या कापून मुठींवर गुंडाळल्या. दिसायला झकास, पण मूठ जाड झाली की ती धरायला पंजा जास्त उघडावा लागतो, आणि सहा आठवडे प्लास्टरात पडलेला पंजा लगेच दमतो. तिसऱ्या दिवशी त्या पट्ट्या चेन पुसायच्या कामाला लागल्या.

मग स्टेम. ६ अंशाचं होतं, ते उलटं बसवलं. हँडल जवळजवळ २ सेंमी वर आलं. आठवड्यानं ८० मिमीचं टाकलं, म्हणजे हँडल जवळही आलं. स्वतः करणार असाल तर क्रम चुकवू नका: घट्ट करताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट, पुढचं चाक सरळ करून मगच स्टेमच्या बाजूचे बोल्ट. उलटं केलं तर हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खडखड राहते. माझी राहिली होती, म्हणून सांगतोय.

कळ निम्म्यानं कमी झाली. मुंग्या जागच्या जागी. हिप्परग्याच्या तलावापर्यंत गेलो (१८७१ चा तो एकरुख तलाव) आणि बांधावर बसून दहा मिनिटं हात झटकत राहिलो. शेजारी मासे धरणारा पोरगा म्हणाला, "काका, मुंगळा चावला का?"

शेवटी आमच्या मिस्त्री अण्णांकडे गेलो. मी हँडल दाखवतोय आणि ते हँडलकडे बघेनातच. "मालक, बसा. मी सायकल धरतो, तुम्ही पाय पेडलवर ठेवून हात सोडा." हात उचलले आणि मी सीटवरून सरळ पुढं घसरलो. अण्णा हसले. "सीटचं नाक खाली हाय की. तुम्ही हातानं स्वतःला मागं ढकलताय दिवसभर."

मोबाइलची पातळी सीटवर ठेवली तर नाक चक्क ४ अंश खाली! दोन वर्षांपूर्वी खाली बधिर होतंय म्हणून मीच झुकवलं होतं आणि विसरून गेलो. धडधाकट मनगटानं ते मुकाट सोसलं, मोडलेल्यानं बोलून दाखवलं. सीट सपाट केली आणि ८ मिमी मागं सरकवली. मागं नेली की पेडल लांब पडतं, म्हणून उंची २ मिमी उतरवली. दुसऱ्याच फेरीला मुंग्या यायला वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं लागली. इतके दिवस मी हँडलला शिव्या घालत होतो.

राहिलेली कळ ब्रेक लिव्हरनं घालवली. लिव्हर जवळजवळ आडवे होते, त्यामुळे बोटं ठेवताना मनगट मागं मोडायचं. सीटवर बसून कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेघ येईल इतके ते खाली फिरवले. शिवाय दोन्ही लिव्हर थोडे आत सरकवले, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकावर पडते आणि एका बोटात काम होतं. लिव्हरपाशी बारका स्क्रू असतो, तो आत पिळला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. अशक्त बोटांना हे फार मोठं सुख आहे. टायरची हवाही ८० वरून ६० पीएसआय केली. माझं वजन ७४ किलो; तुम्ही आपापलं बघून ठरवा.

रुंद पंखाच्या ग्रिप सगळे सुचवत होते, त्या मी मुद्दाम सगळ्यात शेवटी घेतल्या. चांगल्या आहेत. पण आधीच घेतल्या असत्या तर सीटची चूक त्यांच्याखाली झाकली गेली असती.

या रविवारी पहाटे साडेपाचला निघून पुन्हा हिप्परगा, जाऊन-येऊन २४ किमी. उन्हं चढायच्या आत घरी. मुंग्या नाहीत, कळ फक्त गावातल्या गर्दीत सारखं ब्रेक मारताना, तीही चहा होईस्तोवर गेली.

तुळजापूर अजून बाकी. घाट चढायची भीती नाही, उतरताना आहे: माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हातात. सध्या रोज संध्याकाळी होम मैदानावर खडूची रेघ मारून, ताशी २५ च्या वेगानं येऊन, फक्त उजव्या तर्जनीनं किती अंतरात थांबतो ते पावलांनी मोजतोय. काल अकरा पावलं. सात व्हायला हवीत, तोवर घाट नाही.