दोन्ही इंटरसेप्ट सारखे, तरी उत्तर चुकलेलं

परवा बारावीची जर्नल्स तपासताना एका मुलीच्या बहिर्गोल भिंगाच्या प्रयोगापाशी अडकलो. १/यू विरुद्ध १/व्ही असा आलेख; यू म्हणजे भिंगापासून वस्तूचं अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचं. रेषा स्वच्छ, उतार उणे एक, दोन्ही अक्षांवरचे इंटरसेप्ट (रेषा अक्षाला छेदते तिथली किंमत) सारखे, ०.०५७ प्रति सेंमी. म्हणून नाभीय अंतर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितकी लांब पडते ते, १ भागिले ०.०५७, १७.५ सेंमी. शेजारी एका सहकाऱ्याची बरोबरची खूण.

त्याच पानावर वर लिहिलं होतं: खिडकीतून समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर घेतली, अंदाजे नाभीय अंतर १५ सेंमी. इमारत तीस मीटरवर असली तरी या पद्धतीत मिलिमीटरचाही फरक पडत नाही. मग अडीच सेंमी आले कुठून?

रीडिंग्ज तर सुरेख होती. यू २० ला व्ही ६०, ३० ला ३०, ५० ला २१.४. पॅरलॅक्स (डोळा हलवला की प्रतिमा आणि सुई एकमेकींपासून सरकल्यासारख्या दिसणं) नीट घालवल्याशिवाय असे आकडे येत नाहीत. कुठल्याही जोडीची १/यू आणि १/व्ही ची बेरीज ०.०६७, म्हणजे १५ सेंमीच. तक्ता बरोबर, आलेख चुकीचा.

कारण कोपऱ्यात होतं. दोन्ही अक्ष ०.०१० पासून सुरू केलेले. ‘आलेखाने कागद भरला पाहिजे’ हे आपणच मुलांच्या डोक्यात भरवतो. रेषा कागदावरच्या उभ्या अक्षाला छेदते तिथे १/यू शून्य नाही, ०.०१० आहे. इंटरसेप्ट म्हणजे दुसरी राशी शून्य असतानाची किंमत. गणितात अक्ष नेहमी आरंभबिंदूतून जातात, म्हणून हे वाक्य वर्गात कुणी उच्चारतच नाही.

खरं तर इथे शून्य सोडायची गरजच नव्हती. १ सेंमीला ०.००५ प्रमाण घेतलं तर ०.०६७ साठी साडेतेरा सेंमीहून कमी जागा लागते. कागदावर सहज मावतं. आणि शून्य सोडावंच लागलं, तर इंटरसेप्ट डोळ्यांनी वाचायचा नाही, काढायचा. रेषेवरचेच दोन लांबचे बिंदू घ्यायचे, तक्त्यातले नाहीत: (०.०१५, ०.०५२) आणि (०.०५५, ०.०१२). उतार उणे एक, म्हणून ०.०५२ अधिक ०.०१५, ०.०६७.

दोन्ही इंटरसेप्ट सारखे आले की प्रयोग जमला, ही आमची नेहमीची पडताळणी. इथे दोन्ही अक्ष सारखेच सरकलेले, म्हणून तीही फसली. एकच अक्ष सरकला असता तर ०.०५७ आणि ०.०६७ असे वेगळे आकडे पडले असते आणि मुलीने स्वतःच चूक पकडली असती.