मागाच्या सुट्टीत ऐकू आलेला पंखा

इचलकरंजीत आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड आहे. चोवीस माग, दोन पाळ्या. या खडखडाटात वाढलेल्या माणसाला माग थांबले की उलट दचकायला होतं. त्यामुळे माझ्या संगणकाचा पंखा कधीपासून बोंबलत होता, देव जाणे.

मी हिशेब लिहितो, जीएसटीची विवरणपत्रं भरून देतो. महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे आमची परीक्षाच. यंदा मार्चपासून नेमकं त्याच दिवसांत यंत्र मान टाकू लागलं. सकाळी नीट चालायचं, दुपारी दोननंतर माऊससुद्धा अडखळत सरकायचा. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने व्हायरस म्हणून फॉरमॅट मारलं. फरक पडला नाही, तेव्हा रॅम वाढवून दिली. तरी दुपार झाली की पुन्हा तेच रडगाणं. ‘आता मदरबोर्ड बघावा लागेल’ म्हणाला, तेव्हा मी पेटी उचलून घरी आणली. सकाळी शहाणा आणि दुपारी नाठाळ, असा व्हायरस नसतो, एवढं तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

मग मागाची सुट्टी आली. शेड बंद, गल्ली चिडीचूप. संगणक लावला, हिशेबाचं टॅली उघडलं, आणि दहा मिनिटांत टेबलाखालून मिक्सर सुरू झाल्यासारखा आवाज. कोअर टेम्प नावाचा फुकट प्रोग्रॅम उतरवून पाहिलं, तर प्रोसेसरचं तापमान १०० अंश. माझा प्रोसेसर आय-५ १०४००. त्याची मर्यादाच १०० आहे. तिथे पोचला की स्वतःला जळू न देण्यासाठी तो वेग कमी करतो. २.९ गिगाहर्ट्झचा गडी दीडवर येऊन धापा टाकत होता.

बॅकअप घेतला, वायर काढली, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटी गॅलरीत नेऊन बाजूचा पत्रा काढला.

धूळ असेल असं वाटलं होतं. धूळ कसली, कापूस होता. शेडच्या खिडकीतून उडणारी सुताची तुसं चार वर्षं आत जात होती आणि पुढच्या पंख्याच्या जाळीवर त्यांचं घोंगडं तयार झालं होतं. टोक धरून ओढलं तर अखंड निघालं. घरातल्या साध्या धुळीचं असं होत नाही, ती सुटी बसते, फुंकर मारली की उडते. सुताचे तंतू एकमेकांत गुंततात, त्यात स्वयंपाकघरातली तेलकट वाफ मुरते, आणि मग फुंकर काय, ब्लोअरही हतबल.

शेडमधले जॉबरकाका, म्हणजे माग दुरुस्त करणारे, कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “आम्ही मागाला रोज ब्रश मारतोय. न्हाई मारला तर धागा तुटतोय. तुमच्या ह्या पेटीला चार वर्सं कोण मारत होतं?” वर गॅरेजमधून कॉम्प्रेसरची हवा मारून आणू म्हणाले. ते मात्र मी टाळलं. त्या टाकीत पाणी साठतं आणि हवेबरोबर तुषार येतात. व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते. हातातला छोटा ब्लोअर आणला आणि दोन इंची रंगाचा कोरा ब्रश. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवायची. मोकळा फिरू दिला तर तो भिंगरीसारखा सुटतो, बेअरिंग जातं, शिवाय फिरणारी मोटर उलट वीजही तयार करते.

सगळं चकचकीत दिसायला लागलं, जोडलं, चालू केलं. तापमान ९४. एवढा खटाटोप करून सहा अंश!

खरी गोम प्रोसेसरवरच्या कूलरमध्ये होती. वरून पंखा दिसतो, पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, आणि या दोहोंच्या मधोमध कापसाची गादी. वरून कितीही हवा मारा, ती तिथेच. कूलर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोपऱ्यांतल्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. कूलर किंचित फिरवत उचलला. खाली प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी पेस्ट वाळून खपली झालेली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापड भिजवून ती पुसली (ते मांजरपाटाचं होतं, इथे दुसरं काय मिळणार), पाकळ्या टूथब्रशने मोकळ्या केल्या, आणि प्रोसेसरच्या मधोमध अर्ध्या वाटाण्याएवढी नवी पेस्ट. पसरायची नाही, कूलरच्या दाबाने ती आपसूक पसरते.

परत चालू केलं तर एका मिनिटात पुन्हा १००! घाम फुटला. प्रोसेसर उडवला म्हणून मी कपाळाला हात लावला. मदरबोर्ड उलटून पाहिला तेव्हा कळलं, चारातली एक खुंटी आरपार गेलीच नव्हती, कूलर एका कोपऱ्यात उचललेला. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या खुंट्या जोडीने दाबायच्या आणि प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज ऐकायचा. हे मी आधी वाचलं होतं, पण माग नसतानाही माझे कान बहुतेक तयारीत नव्हते. जुनी पेस्ट पुन्हा पुसून नवी लावली, कारण एकदा उचलला की तीच पेस्ट चालत नाही. यावेळी टॅली आणि ब्राउझर तासभर रेटले, तरी ६८ च्या वर गेलं नाही.

पण शेड तिथेच आहे आणि खिडकीही. दर महिन्याला कूलर उपसायचा नसेल तर कापूस आत येण्याची वाटच बदलायला हवी होती. पेटी जमिनीवर होती, ती दीड फुटी स्टुलावर आणि खिडकीपासून लांब नेली. आत मागे हवा बाहेर टाकणारा एकच पंखा जोरात, पुढे आत ओढणारा एक मरतुकडा. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी, म्हणून ती प्रत्येक फटीतून, यूएसबीच्या भोकातूनसुद्धा शिरत होती, कापसासकट. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावले, मागचा एक संथ केला. आता आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर येते. खात्री करायला देवघरातली उदबत्ती आणली. फटीजवळ धरली तर धूर बाहेर ढकलला जात होता. आई म्हणाली, “एवढं झालंय तर एक नारळही फोड.”

पुढच्या पंख्यांवर आधी जुनी ओढणी ताणून बांधली. कापूस अडला, हवाही अडली, तापमान आठ अंशांनी वर. मग चुंबकाने चिकटणारी बारीक नायलॉनची जाळी मागवली. ती आठवड्यातून एकदा, मागाच्या सुट्टीलाच, नळाखाली धुतो आणि कपड्यांच्या दोरीवर पूर्ण वाळवून लावतो. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून दोन घेतल्या. आईने शिवलेलं कव्हर मात्र बंद करावं लागलं. ती मायेने संगणक बंद झाल्या झाल्या गरम पेटीवर ते घालायची, आणि दोनदा तर मी ते न काढताच यंत्र सुरू केलं होतं.

परवा २० तारीख होती. दुपारी तीन वाजता सात जणांची विवरणपत्रं लागोपाठ गेली, माऊस कुठे अडखळला नाही. जॉबरकाका जाळीवरचा कापूस चिमटीत घेऊन वळत म्हणाले, “सूत चांगलं हाय, फुकट घालवू नका.”

पॉवर सप्लायचा पंखा तेवढा अजून कुरकुरतो. त्याला बाहेरून ब्लोअर मारला, पण डबा उघडला नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही चार्ज राहतो आणि माझी हिंमत तिथे संपते. सध्या माग चालू असले की तो आवाज ऐकू येत नाही.