दोन ट्रे वांगी आणि गट नंबर

"गट नंबर?"

"नाही."

"सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"सातबारा नाही साहेब, फ्लॅट आहे. तिसरा मजला."

माती-पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या खिडकीमागच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे. मे महिना, जळगाव, दुपारचे साडेबारा. मागे केळीवाले चार-पाच शेतकरी मातीच्या पिशव्या घेऊन उभे. आणि मी वांग्याच्या रोपांसाठी पाणी तपासायला आलेलो. रोपं किती, तर दोन ट्रे.

बामणोदच्या मावशीने घरचं बी दिलं होतं, भरताच्या वांग्याचं. हिरवं, लांबट, आत बी कमी आणि गर जास्त. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच. मागच्या वर्षी गच्चीवर रोपं टाकली तर ४५ अंशांच्या उन्हात दोन दिवसांत पापड झाली. म्हणून यंदा घरातच, मागच्या खोलीत, एलईडी ट्यूबखाली टाकायची ठरवलं. मावशी म्हणाली, "इतकी घाई कायले? जून लागू दे." माय म्हणाली, कांदेनवमीनंतर चार महिने आपल्या घरात वांगं शिजत नाही, मग ही धावपळ कोणासाठी? दोघींचं बरोबर होतं. पण मला पहिल्या पावसाला तयार रोप हवं होतं.

आधी ऑनलाइन रोपांसाठीचा गुलाबी दिवा मागवला होता. दोन रात्री खिडकीतून जांभळा उजेड बाहेर पडला आणि समोरच्या काकांनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, "गांजा-बिंजा नाही ना रे भो? पोलीस येतील." आपल्याकडे गांजाची लागवड १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सातपुड्याकडून असल्या धाडींच्या बातम्या येत असतात, त्यामुळे काकांचं चुकलं असं म्हणवत नाही. दिवा काढला, साध्या पांढऱ्या ट्यूबा लावल्या. खरं तर रोपांना त्याच पुरतात. काकांना वर बोलावून वांगी दाखवली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

उगवण छान झाली. शंभर कप्प्यांत ८१ रोपं. पहिल्या दोन पानांनंतर खरं पान आलं आणि तिथून बिघडलं. पानांच्या कडा तपकिरी, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या. पान वाटीसारखं वर वळलेलं. वाढ ठप्प. रोपं होती त्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पांढरी साय धरलेली, ती मला तेव्हा दिसली आणि मी बुरशी समजलो.

दुकानदाराला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने तीन बाटल्या आणि एक पुडी काढली. बुरशीनाशक, ह्युमिक, आणखी कसलंसं टॉनिक, आणि १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत. "लिटरला पाच ग्रॅम," म्हणाला. ते प्रमाण उभ्या पिकावर फवारायचं, हे मला नंतर कळलं. एवढ्याशा रोपाला एक ग्रॅमही खूप होतो. पण मी घाईत होतो, सगळं दिलं. तिसऱ्या दिवशी चौदा रोपं गेली.

मावसभाऊ फोनवर म्हणाला, पाणी तपासून घे. म्हणून ही खिडकी.

त्या खिडकीवर मी एकूण तीनदा गेलो. पहिल्यांदा बाटली कोल्ड्रिंकची होती म्हणून परत पाठवलं. "हिच्यात काय काय होतं कोणाला माहीत?" हे त्याचं बरोबरच होतं, सांगतो. बाटली स्वच्छ प्लॅस्टिकची, एक लिटरची हवी. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने ती दोन-तीनदा विसळायची. बोअर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मग भरायची, नाहीतर पाइपात साचलेलंच पाणी येतं. पण हे त्या भिंतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. भिंतीवर फक्त "शांतता राखा" होतं. बाहेर ४४ अंश, आत एक पंखा, आणि तोही खिडकीच्या आतल्या बाजूला फिरणारा.

दुसऱ्यांदा बाटली नीट होती, पण अर्जावर गट नंबर नव्हता. अर्जात रकाने असे: शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र हेक्टरमध्ये, पीक, मागील पीक. मागील पीक! मी म्हटलं, रोपं घरात आहेत, पाणी सोसायटीच्या बोअरचं आहे, पाण्याला गट नंबर कसा असेल? तो म्हणाला, रकाना रिकामा असला की कॉम्प्युटर पुढे जात नाही. मग शून्य टाका. शून्य घेत नाही. साहेब कुठेत? साहेब मीटिंगला. जेवायची सुटी झाली आणि खिडकीचा पाट खाली आला. मी सव्वा तास बाकावर बसलो. बाटली मांडीवर गरम झाली. शेजारचे रावेरकडचे बाबा म्हणाले, "भाऊ, दे ठोकून काहीबी. पाणी तपासायचं का जमीन?" मला पटलं नाही, सरकारी अर्जावर खोटं कसं लिहायचं? निघून आलो. घरी आणखी सहा रोपांनी मान टाकली होती.

तिसऱ्यांदा मात्र मावशीचा गट नंबर लिहून नेला. नैतिकता दोन दिवसांत संपली. "पीक?" "वांगी." तो टाइप करता करता थांबला. "यादीत खाली आहे... जाऊ द्या. आठ दिवसांनी या."

आठ दिवस! रोपांकडे आठ दिवस नव्हतेच.

त्याच संध्याकाळी वैतागून इलेक्ट्रिकच्या दुकानातून टीडीएस मीटर आणला. पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पेनाएवढा असतो, तीनशेच्या आत मिळाला. बोअरचं पाणी ८७०. आरओचं पिण्याचं ६०. मग सहज, केवळ हौस म्हणून, मायच्या बादलीत बुडवला. १४६०.

ही बादली आरओ मशीनच्या वाया जाणाऱ्या पाण्याची. माय ते साठवते, फरशी पुसते, आणि मी पंधरा दिवस मोठ्या कौतुकाने तेच पाणी रोपांना घालत होतो. मशीन क्षार गाळून जे बाहेर टाकतं तेच. त्यात न धुतलेलं कोकोपीट, त्याच्यात आधीच क्षार असतात. वरून पाच ग्रॅमची पुडी. म्हणजे ती पांढरी साय बुरशी नव्हतीच, मीठ होतं. आणि प्रयोगशाळेत तीन हेलपाटे घालून मी नमुना कशाचा दिला? बोअरचा. जे पाणी रोपांना कधी घातलंच नव्हतं.

मायला सांगितलं तर म्हणाली, "मी फरशीसाठी ठेवत होती. तुले कोणं सांगितलं पाजायले?"

मुळात मर, म्हणजे बुरशीने रोप कोलमडण्याचा रोग, आणि क्षार यांत गल्लत करू नका. मर लागली की खोड मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. क्षार झाले की खोड उभं असतं, कडा जळतात. खात्री करायला एक रोप अलगद उपसून पाहिलं. मुळं बरीचशी तपकिरी, पण टोकं पांढरी होती. टोक पांढरं असेल तर रोप सोडू नये.

रात्री न्हाणीत दोन विटांवर ट्रे ठेवला, खाली ताट. आरओचं चांगलं पाणी वाटीने हळूहळू, प्रत्येक कप्प्यात. ताटात उतरलेलं पहिलं पाणी मीटरवर २३८०. पुन्हा घातलं, ११५०. पुन्हा. चारशेच्या खाली आल्यावर थांबलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड, म्हणजे काहीच न करणं. खत बंद. ट्यूबा चार इंचांवर होत्या, त्या फूटभर वर घेतल्या. अठरा तासांचा उजेड चौदावर आणला. पाणी फक्त ट्रे उचलून हलका लागला तरच. मी तरी दिवसातून सहा वेळा उचलायचो. जळलेली पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसायचं नाही. अर्धं पान हिरवं असेल तर तोडायचंही नाही. बघायचं ते शेंड्याकडे. पाचव्या दिवशी एका रोपाच्या मधोमध तांदळाएवढं, लव असलेलं, सपाट पान दिसलं. मी मायला झोपेतून उठवलं. ती म्हणाली, "बरं," आणि कूस वळली.

४६ जगली. हो, कोकोपीटचं राहिलंच: भरायच्या आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळून घ्या. आणि समोर छोटा पंखा ठेवा, खोड जाड होतं.

रोपं आता गच्चीत सावलीच्या जाळीखाली आहेत, तीस माझी, बाकी मावशीकडे. रिपोर्ट आणायला चौथ्यांदा गेलो तो एका शनिवारी. पाणी क्षारयुक्त, सामू (पीएच) ८.१. वर मावशीच्या गट नंबरसमोर क्षेत्र ०.४० हेक्टर, जे मी लिहिलंच नव्हतं. आणि पीक: केळी.