धुळ्याहून दीव: ‘खुकरी’च्या स्मारकापर्यंत

खानदेशातून दीवला जाणारे बहुतेक जण कशासाठी जातात, ते सांगायला नको. आम्ही निघालो ते ९ डिसेंबरसाठी. १९७१ च्या युद्धात याच रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने टॉर्पेडो मारून आपल्या नौदलाची फ्रिगेट (युद्धनौका) आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका सैनिकाला दिलं आणि ते जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

गाडी असेल तर धुळे-सुरत रस्ता धरा. कोंडाईबारी घाट उजेडी उतरा. ट्रकची रांग आणि पहाटेचं धुकं, दोन्ही वाईट. सुरतेला वळसा घालून काठियावाड गाठण्याऐवजी हजिऱ्याहून घोघ्याची रो-रो फेरी, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, घ्या. गाडीसकट तिकीट आधीच काढा आणि फेरी चालू आहे ना, तेही बघा. हजिऱ्याला मामा म्हणाले, “आपला तापीनं पानी बी आठेच येस ना?” तापीचं पाणी इथेच येतं खरं. पुढे भावनगर, महुवा, उना. रेल्वेने जाणाऱ्यांनी भुसावळ-सुरत मार्गाने सुरत गाठावं, तिथून वेरावळ आणि मग रस्त्याने दीव. दशम्या-ठेचा बांधून घ्या, पलीकडे सगळं गोड लागतं.

दीवमध्ये दोन ‘खुकरी’ आहेत, आणि इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. चक्रतीर्थाजवळच्या स्मारकात काचेआड आहे ती बुडालेल्या फ्रिगेटची छोटी प्रतिकृती. संग्रहालय म्हणून ठेवलेलं खरं जहाज म्हणजे नंतरची, त्याच नावाची कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली. मुलांना अर्थातच जहाज आवडतं. माझं मत विचाराल तर आधी स्मारक, मग जहाज. आधी जहाजावर गेलात की मुलं तिथेच रमतात आणि स्मारकापाशी फक्त सेल्फी होतो.

सूर्यास्ताला स्मारकावर गर्दी असते. शांतपणे बघायचं तर सकाळी जा. वारा असतो, म्हाताऱ्या माणसांना कानटोपी द्या. जहाजाच्या शिड्या अरुंद असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघितलेलं बरं. संग्रहालयाची वेळ हॉटेलवाल्याला विचारून मगच निघा.

आणि परतताना बाटली गाडीत ठेवू नका. दीवची हद्द संपली की गुजरातची दारूबंदी, आणि गाड्या तपासतात.